पिंप बंदरातच उघडायला हवं

(दृश्य: मधमाश्यांच्या पेटीतून वर येणारी चौकट)

ही चौकट नीट पाहा. वरच्या भागावर पांढरट मेणाचा पापुद्रा आहे. त्याखालच्या कोठड्यांत मध तयार झालाय. खालच्या कोठड्या उघड्या आहेत आणि त्यांत काहीतरी चकाकतंय. बोट लावून चाखलं तर तेही गोड लागेल. पण तो अजून मध झालेला नाही.

फुलातून येतो तो मकरंद, आणि त्यात बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त पाणीच असतं. बाहेरून आलेली माशी तो पोळ्यातल्या माशीच्या तोंडात देते, ती पुढचीला देते. या देवघेवीत माश्यांच्या ग्रंथींमधली विकरं (एन्झाइम) त्यात मिसळतात आणि मकरंदातल्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग तो कोठड्यांत पातळ थराने पसरला जातो.

(दृश्य: पंखांचा क्लोजअप)

या माश्या उडत नाहीत. पाय घट्ट रोवून त्या एकाच जागी पंख हलवताहेत, मधावरून वारा खेळवताहेत. पाणी १८ टक्क्यांच्या आसपास आलं की कोठडीवर मेणाचं झाकण बसतं. मधपाळ या झाकणाचीच वाट पाहतो. मध काढायचं यंत्र फिरतं ते त्यानंतर. युरोपीय संघाचा कायदाही हेच धरून चालतो: साधारणपणे मधात २० टक्क्यांहून जास्त पाणी नको, आणि बाहेरून काहीही घातलेलं नको.

(दृश्य: कंटेनरमधली निळी पिंपं, उघडलेलं झाकण)

आता हे परदेशातून मध म्हणून आलेलं पिंप. आतला पदार्थ तितकाच सोनेरी, तितकाच दाट. डोळ्यांनी फरक कळत नाही, जिभेलाही बहुधा कळत नाही. पाण्यात थेंब टाकून किंवा कापसाची वात बुडवून पेटवून मध ओळखण्याच्या ज्या युक्त्या सांगतात, त्यांवर विसंबू नका. दाट पाकही पाण्यात तळाशीच जातो.

एक काळ असा होता की भेसळ मक्याच्या किंवा उसाच्या पाकाची असायची. मका आणि ऊस हवेतला कार्बन इतर बहुतेक फुलझाडांपेक्षा वेगळ्या मार्गाने शोषतात, त्यामुळे त्यांच्या साखरेत जड कार्बनचं प्रमाण किंचित जास्त राहतं. प्रयोगशाळेने तो फरक मोजायला सुरुवात केली आणि चोरी पकडली जाऊ लागली. मग भेसळ करणारे तांदूळ, गहू आणि बीटच्या पाकाकडे वळले. ही पिकं कार्बन शोषतात ती फुलझाडांच्याच मार्गाने. जुनी चाचणी तिथे आंधळी ठरते.

(दृश्य: बारीक काचनळी, संगणकावरचा आलेख)

म्हणून हे यंत्र आलं. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स, म्हणजेच एनएमआर. या नळीतला नमुना प्रचंड ताकदीच्या चुंबकात जातो आणि त्यातल्या घटकांचा आलेख पडद्यावर उमटतो. तो अस्सल मधांच्या आलेखांशी ताडून पाहतात. ज्या मुलखातल्या मधाचे पुरेसे नमुने संग्रहातच नाहीत, तिथे मात्र निकालावर वाद होतो. पलीकडची बाजूही स्वस्थ बसलेली नाही. झाकण बसण्याआधीच पातळ मध काढून तो कारखान्यात आटवतात. रेझिनच्या, म्हणजे शोषून घेणाऱ्या बारीक कृत्रिम मण्यांच्या, थरातून गाळून नको तो वास आणि रंग काढतात. पराग इतके बारीक गाळून टाकतात की मध कुठल्या मुलखातला, हे सांगणारी खूणच उरत नाही.

युरोपीय संघाने २०२१-२२ मध्ये बाहेरून येणाऱ्या मधाचे ३२० नमुने तपासले. त्यांतले १४७, म्हणजे ४६ टक्के, संशयास्पद निघाले. २०१५ ते २०१७ च्या तपासणीत हेच प्रमाण १४ टक्के होतं. ब्रिटनमधून आलेले तर दहाच्या दहा नमुने संशयास्पद होते, आणि तो मध बहुधा दुसऱ्या देशांतून आणून तिथे मिसळलेला होता. २०२१ मध्ये आयात मधाची सरासरी किंमत किलोला २.३२ युरो होती. तांदळाचा पाक ४० ते ६० सेंटला मिळत होता. यापुढे कारण शोधत बसायची गरज नाही.

कागदावरचा देश बदलणं हा तर जुनाच धंदा. २००१ साली अमेरिकेने चिनी मधावर डम्पिंगविरोधी, म्हणजे अवाजवी स्वस्तात माल ओतण्याला आळा घालणारं, शुल्क बसवलं आणि तोच मध इतर देशांच्या नावाने तिथे पोहोचू लागला. पुढे त्यावर फौजदारी खटले झाले.

(दृश्य: बाटलीमागचं लेबल)

‘युरोपीय संघातील आणि संघाबाहेरील मधांचे मिश्रण.’ मिसळलेल्या मधाच्या लेबलवर इतकं लिहिलं तरी जुन्या नियमात चालत होतं. १४ जून २०२६ पासूनच्या नियमानुसार देशांची नावं द्यायची आहेत, ज्याचा वाटा मोठा तो आधी, आणि प्रत्येकापुढे टक्केवारी. हा बदल मधपाळांनी भांडून मिळवलाय, आणि तो मोलाचा आहे. पण लेबल तेवढंच सांगतं, जेवढं पिंपासोबतच्या कागदावर असतं.

या स्वस्त मालापुढे अनेक मधपाळांना आपल्या मधाचा खर्चही निघत नाही. अशाने पेट्या कमी झाल्या, तर बागांमधलं परागीभवनही घटतं.

(दृश्य: मधपाळ, रिकाम्या पेट्यांची रांग)

मधमाशीपालकांची जागतिक संघटना एपिमोंडिया हिने २०२५ च्या कोपनहेगन अधिवेशनात मधाची स्पर्धाच घेतली नाही. आलेला प्रत्येक मध अस्सल आहे, याची पुरेशी तपासणी करता येणार नाही, असं तिचं म्हणणं होतं.

मग अडवायचं कुठे? मिसळण्याआधी. चार देशांची पिंपं एका टाकीत ओतली गेली की कुठल्या पिंपात पाक होता हे शोधणं जवळपास अशक्य होतं, आणि दोष कुणाच्याच माथी येत नाही. बंदरात पिंप अजून सीलबंद असतं. त्यावर क्रमांक असतो, पाठवणाऱ्याचं नाव असतं. नमुना तिथेच घ्यावा, एकाच चाचणीवर भागवू नये, आणि निकाल हाती येईपर्यंत माल गोदामातून हलू देऊ नये. त्या दिवसांचं भाडं आयातदाराने भरावं.