बाग कोणत्या तासाला सुनी पडते?

बाग धोक्याची आहे का, असं विचारलं की वाद सुरू होतो. ती कोणत्या वेळी धोक्याची होते, असं विचारलं की कामाचं उत्तर मिळतं. पहाटे साडेपाच ते आठ आपल्या बेळगावातल्या बहुतेक बागांत फिरणाऱ्यांची वर्दळ असते. संध्याकाळी पाच ते साडेसात मुलं असतात, आजी-आजोबा असतात, दाराशी भेळेची गाडी असते. भानगडी होतात त्या दुपारी बारा ते चार आणि रात्री आठनंतर. बाजाराचंही तसंच. गणपत गल्लीत, खडेबाजारात दिवसा चालायला वाट मिळत नाही. रात्री शटर ओढली की तीच गल्ली सुनसान, आणि बाईमाणूस एकटं तिथून जायला धजत नाही. म्हणून बाग आणि जुनी बाजारपेठ हे दोन विषय मी आज एकत्र घेतो. दोन्हीकडे दिवसातले काही तास असे आहेत की त्यांची जबाबदारी कुणावरच नाही.

बागेच्या आसपास होणारे गुन्हे बहुतेक संधी बघून केलेले असतात. मंगळसूत्र हिसकावणं, लावलेली दुचाकी पळवणं, मुलींची छेड, कोपऱ्यातला जुगार, दारू, गांजा. करणारा आधी तीन गोष्टी बघतो: आपण कुणाला दिसतो का, कुणी हटकेल का, आणि निसटायची वाट कुठली. भिंत उंच केली की पहिल्या दोन गोष्टी त्याच्या सोयीच्या होतात. तरीही तक्रारीनंतर पहिली मागणी भिंतीची होते आणि दुसरी कुलपाची.

न्यूयॉर्कच्या ऐन मध्यात, मोठ्या वाचनालयाच्या मागे ब्रायंट पार्क आहे. 1934 मध्ये त्याची नव्याने आखणी झाली, तेव्हा गजबजाटात निवांतपणा मिळावा म्हणून बाग रस्त्यापेक्षा उंच ठेवली आणि भोवती कठडा, लोखंडी कुंपण, झुडपांची दाट रांग आली. हेतू चांगलाच होता. 1970 च्या दशकात त्याच आडोशाला अमली पदार्थांचा धंदा सुरू झाला. 1980 मध्ये या बागेसाठी वेगळी संस्था स्थापन झाली, 1988 मध्ये बाग बंद करून काम काढलं आणि 1992 मध्ये ती पुन्हा उघडली. आडोसा करणारी झुडपं गेली, प्रवेश रुंद झाले, स्वच्छतागृह सुधारलं, खाण्यापिण्याचे स्टॉल आले, आणि उचलून कुठेही मांडता येतील अशा सुट्या खुर्च्या आल्या. पहारा ठेवलाच, पण बाग बदलली ती दिवसभर बसायला येणाऱ्या साध्या माणसांमुळे.

दुसरा दाखला अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहराचा. तिथे उकिरडा झालेले 541 मोकळे भूखंड घेऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. एका गटात कचरा उचलला, जमीन सपाट केली, गवत पेरलं, थोडी झाडं लावली, आत शिरायला जागा सोडून बुटकं लाकडी कुंपण घातलं आणि नंतर नियमित गवत कापत राहिले. दुसऱ्या गटात नुसती सफाई, तिसरा होता तसाच. 2018 मध्ये निष्कर्ष आले. गरिबातल्या गरीब वस्त्यांत, सुधारलेल्या भूखंडांभोवती बंदुकीची हिंसा सुमारे 29 टक्क्यांनी घटली. गुन्हे शेजारच्या गल्लीत सरकले का, हेही तपासलं. तसं आढळलं नाही. आपल्याकडे बंदुकीचा प्रश्न तसा नाही, त्यामुळे हा आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. पण केलेलं काम बघा: त्यात महागडं काहीच नाही, आणि कापणी वर्षानुवर्षं चालू ठेवणं हा त्यातला अर्धा भाग आहे.

आपल्या नव्या वसाहतींत असे प्लॉट कितीतरी आहेत. काँग्रेस गवत, फुटक्या बाटल्या, घर पाडल्याची माती. ही माती ट्रॉलीतून येते, म्हणून पहिला उपाय गाडी अडवण्याचा. रस्त्याच्या कडेला गुडघ्याएवढे दगड पुरा. दोन दगडांत चार फुटांहून जास्त अंतर ठेवलं तर रिक्षा आत जाते, तीन फुटांहून कमी ठेवलं तर चाकाची खुर्ची अडते. दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत हवा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात तो कलतो. काँग्रेस गवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचं. बी पडलं की पुढच्या वर्षी दुप्पट येतं. उपटताना हातमोजे घाला, अनेकांच्या अंगाला खाज सुटते.

आता बागेत काय करायचं. खर्चाची यादी करण्याआधी एक वही करा. आठवड्यातला एक कामाचा दिवस आणि एक रविवार निवडा. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी पाच, सात, रात्री साडेआठ, अशा सहा वेळांना पंधरा-पंधरा मिनिटं बागेत फिरून माणसं मोजायची. रकाने चारच: पुरुष, बायका, मुलं, म्हातारी माणसं. कोण कुठे बसलंय, त्याची खूण बागेच्या कच्च्या नकाशावर करायची. यात बायकांचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पुरुष भरपूर आणि बायका नाहीत, असा तास दिसला की तिथे काहीतरी बिनसलंय. ही मोजणी दोघांनी मिळून करावी, आणि त्यातली एक बाई असावी. पुरुषाच्या डोळ्यांना जो कोपरा साधा वाटतो तो तिला साधा वाटत नाही.

वही भरली की नजर मोकळी करायची, म्हणजे बागेत दूरपर्यंत दिसेल असं करायचं. अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरात 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंच झाडांच्या घरांभोवती गुन्हे कमी दिसले, आणि खिडकी झाकणाऱ्या बुटक्या झाडांच्या घरांभोवती जास्त. यातून सरळ माप निघतं: झुडूप अडीच फुटांच्या खाली, झाडाच्या फांद्या सात-आठ फुटांच्या वर, मधला पट्टा मोकळा. आपल्याकडे कुंपणाला मेंदी किंवा डुरांटा लावतात आणि दोन पावसाळ्यांत त्याची पाच फुटी भिंत होते. ती महिन्याला कापायची माणसं नसतील तर लावूच नये. मोठ्या झाडाच्या खालच्या फांद्या एकाच वर्षी सगळ्या काढू नका. दोन-तीन वर्षांत थोड्या थोड्या काढा, नाहीतर झाड शेंडाजड होऊन वाऱ्यात पडतं. वाळक्या फांद्या वळवाच्या आधी उतरवायच्या. गुलमोहर ठिसूळ, तो बाकावर आणि वाटेवर नको. बकुळ, ताम्हण, करंज इथे चांगले वाढतात. जांभूळ लावा, पण वाटेपासून दूर. फळं गळली की फरशी निसरडी होते.

दिव्यांबाबत आपल्याकडे एक चूक वारंवार होते. खांब उन्हाळ्यात, पानगळीनंतर उभे करतात. पावसाळ्यात झाडं भरली की दिवा पानांच्या वर आणि अंधार खाली. बागेत खांब बारा ते पंधरा फुटांचा असावा, म्हणजे प्रकाश फांद्यांखालून पसरतो, आणि दोन खांबांत साधारण पन्नास फुटांहून जास्त अंतर नको. एकच उंच मनोरा उभारून झगझगाट केला तर त्याच्या कडेला सावल्या आणखी काळ्या पडतात. कसोटी सोपी आहे: पस्तीस-चाळीस फुटांवरून समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता आला पाहिजे. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली सरकारी वसाहतींत दिवे वाढवून केलेल्या प्रयोगात रात्रीचे, घराबाहेरचे गंभीर गुन्हे 36 टक्क्यांनी कमी झाले. पण ज्या कोपऱ्यातून बाहेर पडायला वाट नाही, तिथे दिवा लावू नका. उजेड बघून माणूस तिकडे जातो आणि अडकतो. आधी वाट काढा, मग दिवा.

दिव्यांच्या टायमरकडे तर कुणी बघतच नाही. बेळगावात जुलैच्या सुरुवातीला सूर्य सातनंतर मावळतो, नोव्हेंबरात सहाच्या आसपास. जूनमध्ये सव्वासातला लावलेला टायमर तसाच राहिला, तर दिवाळीनंतर सूर्य मावळल्यावर एक तासाहून जास्त वेळ बाग बिनदिव्याची असते, आणि तोच वेळ मुलांच्या खेळण्याचा. वर्षातून चार वेळा टायमर बदला, किंवा प्रकाश कमी झाला की आपोआप पेटणारा सेन्सर बसवा आणि त्याची काच पुसत राहा. प्रत्येक खांबावर रंगाने क्रमांक लिहा. ‘बागेतला दिवा गेलाय’ अशी तक्रार फिरत राहते. ‘खांब क्रमांक 14’ अशी तक्रार केली की माणूस थेट तिथे येतो.

दार, संडास आणि गाडा या तीन गोष्टी जवळजवळ ठेवा. मोठ्या बागेला एकच दार असलं की आत शिरलेल्या बाईला सुटकेची वाट एकच उरते; म्हणून समोरासमोर दोन दारं तरी हवीत. दुपारी कुलूप घालायची पद्धत मला अजिबात पटत नाही. दुपारी बागेत पडून राहणारा हमाल, गवंडी, मोलकरीण हे गुन्हेगार नाहीत. त्यांच्या असण्यानेच जागा जागी राहते. कुलपाने त्यांना बाहेर काढलं की भिंतीवरून उडी मारणारेच आत उरतात. संडास लाजेखातर मागच्या कोपऱ्यात बांधतात आणि मग तो बायकांना वापरताच येत नाही. तो दाराशी हवा, त्याचं तोंड रस्त्याकडे, आणि गाडेवाल्याला दिसेल असा. गाडेवाल्याला हाकलू नका. पथविक्रेत्यांचा 2014 चा केंद्रीय कायदा आहे. त्यातल्या शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सभासद विक्रेत्यांचेच असावे लागतात. बागेच्या दाराशी चार गाड्यांना अधिकृत जागा मागायची ती या समितीकडे. रात्री दहापर्यंत थांबणारा चहावाला पगाराशिवाय राखण करतो.

कॅमेऱ्यांवर फार भरवसा ठेवू नका. भिंगावर कोळी जाळं विणतो, रात्री नंबरप्लेट नुसती चमकते, आणि साठवण भरली की जुनं चित्रण पुसलं जातं. चोरी झाली की त्याच आठवड्यात चित्रण उतरवून घ्यावं लागतं. अंगावर प्रसंग आला तर 112 लावा. तो क्रमांक बागेच्या दोन्ही दारांवर मोठ्या अक्षरात, कन्नडमध्ये आणि मराठीत लिहा.

आता बाजारपेठ. रामदेव गल्ली, मारुती गल्ली, रविवार पेठ, या भागांची जुनी रचना खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी. दुकान मिटलं तरी वर कंदील असायचा, गॅलरीत कुणीतरी उभं असायचं. घरं वाढली तशी कुटुंबं टिळकवाडीकडे, महांतेशनगरकडे गेली आणि वरच्या मजल्यावर माल आला. गोदामाला डोळे नसतात. बाजार पुन्हा जिवंत करायचा तर वरच्या मजल्यांवर माणसं परत आणली पाहिजेत: विद्यार्थ्यांच्या खोल्या, शिवणक्लास, अभ्यासिका, दवाखाने. त्याला अडचण बहुतेक एकच असते, दुकानातून जाणारा जिना. बाजूच्या बोळातून स्वतंत्र जिना काढला आणि पाण्याची, संडासाची वेगळी सोय केली की मजला भाड्याने जातो.

शटरचंही तेच. सपाट पत्र्याच्या शटरांची रांग म्हणजे रात्रीची भिंतच. नवीन बसवताना वरचा निम्मा भाग जाळीचा घ्या आणि आत पाच वॅटचा दिवा चालू ठेवा. रोज दहा तास धरले तर महिन्याला दीड युनिट वीज लागते. गल्लीतल्या निम्म्या दुकानांनी हे केलं तरी रस्ता उजळतो.

हे शक्य आहे का, असं विचारणाऱ्यांनी गणपतीचे दिवस आठवावेत. तेच रस्ते, त्याच भिंती, तीच शटरं. तरी त्या अकरा दिवसांत देखावे बघायला बायका लहान मुलांना कडेवर घेऊन रात्री उशिरापर्यंत गल्लोगल्ली फिरतात. दिवे असतात, खायला मिळतं, बसायला जागा असते, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक चौकात मंडळाचा एक कार्यकर्ता उभा असतो, ज्याला गल्लीतला प्रत्येक जण ओळखतो. या चारातल्या तीन गोष्टी वर्षभर ठेवता येतात. मंडळांनी महिन्यातून दोन शनिवार पाळीने रात्री दहापर्यंत खाऊचे स्टॉल, भजन, मुलांचे खेळ ठेवले तर सुरुवात होते. ध्वनिक्षेपक मात्र नको. वर राहणाऱ्यालाच त्रास झाला तर तो परत जाईल.

कागदाचं काम थोडक्यात सांगतो. आपली बाग 1985 च्या कर्नाटक उद्यानं, क्रीडांगणं आणि मोकळ्या जागांच्या कायद्याखालच्या यादीत आहे का, ते महापालिकेत बघा. यादीत असली की तिचा वापर बदलणं अवघड होतं. 3 लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी 74 व्या घटनादुरुस्तीत प्रभाग समित्यांची तरतूद आहे, आणि 2011 च्या जनगणनेतच बेळगाव महापालिकेची लोकसंख्या सुमारे 4.88 लाख होती, म्हणजे ती तरतूद इथेही लागू होते. अर्ज कन्नडमध्ये द्या आणि मराठी प्रत सोबत जोडा, म्हणजे कागद पुढे सरकतो आणि गल्लीतल्या सगळ्यांनाही वाचता येतो. अर्जाला वहीची नक्कल लावा आणि एका अर्जात एकच मागणी ठेवा.

काम झाल्यावर तीन महिन्यांनी त्याच वारी, त्याच वेळांना पुन्हा मोजणी करा. वहीतल्या रात्री साडेआठच्या ओळीत बायकांचा आकडा वाढला नसेल, तर आणखी दिवे मागण्याआधी संडासाची कडी आतून नीट लागते का आणि दुसरं दार खरंच उघडं असतं का, हे जाऊन बघा.