रेनेलची ब्रह्मपुत्रा

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या नकाशांवरून नदीचा काठ किती सरकला हे कसं मोजायचं, ते आज पाहू.

अठराव्या शतकातले इंग्रज सर्वेक्षक जेम्स रेनेल यांचा बंगालचा नकाशा उघडला, की ब्रह्मपुत्रा भलतीकडेच वाहताना दिसते: आजच्या बांगलादेशातल्या मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेने, मैमनसिंहवरून. नकाशा चुकलेला नाही. रेनेल यांनी १७६४ पासून तिथल्या नद्या मोजल्या, तेव्हा मुख्य प्रवाह तिथूनच जात होता. १७८७ च्या पुरात तीस्ता गंगेची वाट सोडून ब्रह्मपुत्रेला मिळाली. पुढच्या काही दशकांत ब्रह्मपुत्राही पश्चिमेला, आज तिथे जमुना म्हणतात त्या पात्रात गेली (ही दिल्लीची यमुना नव्हे). एकामुळे दुसरं घडलं का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

पण काठ किती मीटर खचला, हे रेनेलना विचारू नये. ते काम होकायंत्राचं आणि साखळीचं. रेखांशही त्या काळी नेमका मिळत नसे. मीटरचा हिशेब हवा तर नंतरच्या, एका इंचाला एक मैल प्रमाणाच्या टोपोशीट, म्हणजे तपशीलवार सर्वेक्षण नकाशे, घ्याव्यात. त्यांतही कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६३ मीटर.

अशी शीट आजच्या उपग्रहचित्रावर बसवताना दोन्हींवर ओळखता येणाऱ्या आठ-दहा खुणेच्या जागा लागतात, त्याही चारही कोपऱ्यांपर्यंत पसरलेल्या. जुनं देऊळ, मशीद, रेल्वेचा पूल चालेल. नद्यांचा संगम मुळीच नको. जे सरकलं का हे तपासायचं, त्यालाच खुंटी कशी मानणार? गावाच्या नावावरही विसंबू नये. काठ कोसळला की माणसं मागे सरकून नवी वस्ती करतात आणि जुनंच नाव लावतात. नाव जुळवलं, की नदीचं सरकणं हिशेबातून गायब! शीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या भारतातल्या जुन्या गणिती मापावर, बेतलेली असेल, तर तेही सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. नाहीतर जागचा न हललेला काठही सरकलेला दिसतो. सगळं बसवल्यावर खुणांची सरासरी चूक दीडशे मीटर आली, तर काठ शंभर मीटर हलला असं म्हणण्यात अर्थ नाही.

खरी फसगत पाण्याच्या पातळीत आहे. हिवाळ्यात मोजलेलं पात्र अरुंद असतं, वाळूची बेटं उघडी पडलेली असतात. त्याशेजारी ऑगस्टचं चित्र ठेवलं, तर नदी दुप्पट रुंद झाल्यासारखी वाटेल. म्हणून शीटच्या समासात सर्वेक्षणाचा हंगाम दिला आहे का, ते आधी पाहावं. प्रकाशनाचं वर्ष उपयोगाचं नाही. मोजणी आणि छपाई यांत कित्येकदा बरीच वर्षं जातात. आणि अंतर मोजावं ते पाण्याच्या कडेपासून नव्हे, तर जिथून झाडी किंवा शेती सुरू होते त्या उंच काठापासून.