नांदूरचं कुसळ आणि स्वालबार्डचा कडा

व्हिडिओत हे व्हॅक्यूमच्या तोंडाशी अडकलेलं दिसतंय ना, ते कुसळ आहे. आपल्या नांदूरमध्यमेश्वरचं. थंडीत बदकं बघायला जाताना घातलेली पँट, दोनदा धुतली, तरी खिशाच्या वेल्क्रोत हे पठ्ठं बसून राहिलं आणि नाशिकहून थेट ७८ अंश उत्तरेला, नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर आलं. बोटीवरची गाईड शेवटी चिमट्याने काढतेय बघा, कारण बाहेरचं बी, माती काहीच किनाऱ्यावर जाता कामा नये. मग बूट ब्रशने घासायचे, खाचेतला खडासुद्धा टोकरून काढायचा, मग जंतुनाशकाच्या टबात उभं राहायचं, परत आल्यावर पुन्हा तेच. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, त्र्यंबकला जाताना पण एवढे पाय नाही धुतले कधी.

ही आमची बोट. क्रूझ म्हटलं की आपल्याकडे कॅसिनो आणि बुफे आठवतो, इथे तसलं काही नाही, शंभरच्या आत माणसं आणि सगळे सारखे डेकवर दुर्बिणी लावून. २०२५ पासून नॉर्वेने संरक्षित भागात एका जहाजावर जास्तीत जास्त २०० प्रवासी आणि उतरायला ठरलेल्या ४३ च जागा असा नियम केलाय. मला विचाराल तर २०० पण जास्तच, पण असो.

हा हात बघा. झोडियाक म्हणजे छोट्या रबरी होडीत उतरताना पंजा नाही पकडायचा, दोघांनी एकमेकांचं मनगट धरायचं, म्हणजे ओला ग्लोव्ह निसटला तरी माणूस निसटत नाही. मग कडेच्या फुगीर ट्यूबवर बसायचं आणि बसल्या बसल्याच पुढे सरकायचं, उभं राहिलात की ओरडा बसतो.

वॉलरस. १९५२ ला इथली शिकार बंद झाली तेव्हा मोजकेच उरले होते. वास व्हिडिओत येत नाही, नशीब तुमचं.

आणि बर्फावरचा हा पिवळट ठिपका, ते अस्वल. जुलैत ३०० मीटरच्या आत जायचं नाही म्हणजे नाही, त्यामुळे झूम करूनही एवढंच. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतंय, आणि विमानं बदलत आम्ही इथवर आलो त्याचा धूरही त्यातच.

आता अल्केफ्येलेट, समुद्रपक्ष्यांचा कडा. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, हे ऊन आहे. दगड डोलेराइट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचा चुलतभाऊच, आणि त्याच्या कपारींत ब्रूनिच गिलेमॉट या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ६०,००० जोड्या. घरटं वगैरे नाही, उघड्या दगडावर एकच अंडं, एका टोकाला निमुळतं. इंजिन अगदी हळू ठेवलंय, कड्याजवळ वेगाला पण मर्यादा आहे.

उजवीकडे, त्या पांढऱ्या पट्ट्याच्या खाली बघा. जेमतेम तीन आठवड्यांचं पिल्लू, उडता येत नाही अजून. शेजारी बाप. आई इथेच राहणार, पिल्लाला समुद्रात बाप नेतो.

मी गप्प बसतो आता, आवाज वाढवा.