थाळीला आकाश, गाडीला भुई

श्रोतेहो, नमस्कार. मोबाइलचा टॉवर डोंगराआड आणि पेट्रोल पंप तासाभराच्या वाटेवर, अशा ठिकाणी उपग्रहावरून येणारे इंटरनेट आणि विजेवर चालणारी गाडी कितपत उपयोगी पडतील, असे कोकणात घर बांधू पाहणारे अनेक जण मला विचारतात. माझे उत्तर एवढेच, की थाळीला, म्हणजे इंटरनेटच्या डिश अँटेनाला, आकाश लागते आणि गाडीला भुई लागते. एकाच जागी दोन्ही चांगली मिळतीलच असे नाही.

आधी आकाशाचे पाहू. बँकेच्या छपरावरची जुनी थाळी सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडे रोखलेली असते. संदेश जाऊन परत येईपर्यंत अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जातो आणि बोलणारे दोघे एकमेकांचे वाक्य तोडत राहतात. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक या सेवेचे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर असल्यामुळे हा खोळंबा उरत नाही. या सेवेला आपल्या देशात जून 2025 मध्ये परवाना मिळाला आहे. मात्र हे उपग्रह सतत सरकत असतात, म्हणून थाळीला आभाळाचा मोठा तुकडा मोकळा लागतो, आणि माड-पोफळींच्या वाडीत तो मिळत नाही. त्यासाठी कोणी हापूसचे जुने कलम तोडणार असेल, तर त्याने इंटरनेटवाचून राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकाश मोकळे मिळते ते सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. मालवणजवळच्या अशाच एका सड्यावर माझ्या मित्राने घर बांधले आणि दिवाळीनंतर छोटी विजेवरची गाडी आणली. रात्री पंधरा अँपिअरच्या सॉकेटला जोडावी आणि सकाळी भरलेली मिळावी, असे मार्चपर्यंत सुरळीत चालले. एप्रिलमध्ये एका रात्री चार्जरवर लाल दिवा लागला आणि गाडी वीज घेईना. कंपनीच्या माणसांनी केबल बदलली, मग चार्जर बदलला, शेवटी गाडी तीन दिवस नेऊन ठेवली. तिथे ती बिनतक्रार चार्ज होई आणि घरी आणली की पुन्हा लाल दिवा. मित्र म्हणू लागला, की गाडीला आमचे घर मानवत नाही.

अखेर गावातल्या वायरमनकाकांना बोलावले. त्यांनी गाडीकडे पाहिलेसुद्धा नाही. ते घरामागे गेले, अर्थिंगच्या खड्ड्याजवळ उकिडवे बसले, चिमूटभर माती बोटांत चुरली आणि मित्राच्या आईला हाक मारली, "वहिनीनू, दोन कळशे पाणी हाडा बघूया." पाणी ओतले, मुरू दिले, चार्जर पुन्हा जोडला आणि दिवा हिरवा झाला.

जांभ्यात पावसाळ्याची ओल असते तोवर अर्थिंग चालते. उन्हाळ्यात ती आटली की विजेला जमिनीत उतरायला वाट राहत नाही. गळती झाल्यास माणसाला झटका बसू नये म्हणून गाडीचा चार्जर अर्थिंग आधी तपासतो आणि ते नसेल तर वीज घेतच नाही. फ्रिज आणि मिक्सर असे काही तपासत नाहीत, म्हणून त्या घरातला दोष एवढे दिवस कोणाला कळला नव्हता. टाइल्सचा रंग निवडायला आठवडा घालवणारे लोक अर्थिंगच्या खड्ड्याला पाच मिनिटे देत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. पुढे काकांनी मीठ-कोळसा घालून नवा, खोल खड्डा केला. तोवर त्या माउली रोज संध्याकाळी तुळशीला एक तांब्या आणि गाडीला एक कळशी पाणी घालत असत.

घाट चढताना बॅटरी संपेल ही भीती मात्र अनेकांना वाटते तेवढी खरी नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे. माणसांसह चौदाशे किलोची गाडी सहाशे मीटर चढवायला, सपाट रस्त्यावरच्या खर्चाखेरीज, सव्वादोन युनिटे पुरतात आणि उतरताना त्यांतला काही भाग बॅटरीत परत येतो. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर थाळी आठ-दहा तास चालेल, कारण ती साधारण पन्नास ते पंचाहत्तर वॉट घेते. पण त्याच इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत रिकामी केली, तर गाडी जेमतेम आठ-दहा किलोमीटर जाईल. तेव्हा थाळीसाठी आकाश कधीही पाहा, पण गाडीसाठी अर्थिंग तपासून घ्यायचे असेल, तर वायरमनला डिसेंबरात नव्हे, मे महिन्यात बोलवा. नमस्कार.