त्यांना काही कळू देऊ नका

श्रोतेहो, नमस्कार.

डॉक्टरांच्या केबिनबाहेर, जिन्यात, फोनवर दबक्या आवाजात आपण सगळ्यांनीच एक वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. “त्यांना काही कळू देऊ नका.” वाक्य मायेचं आहे, मीही ते म्हटलंय. पण त्यापायी आजारी माणूस शेवटच्या दिवसांत एकटा पडतो. भरल्या घरात एकटा पडतो.

माझ्या आत्याचं सांगते. आत्या वाईची. तिला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला आणि आम्ही ठरवलं, तिला अल्सर सांगायचा. रिपोर्टची फाइल मी गव्हाच्या कोठीमागे दडवली. आता त्या घरात कोठीला हात लावणारी एकच बाई, आत्या! पण तेव्हा सुचलं नाही. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “तिखट बंद केलंय, अल्सर काय, जाईल.”

एका रात्री पाय चेपत बसले होते, तर म्हणाली, “मला कळलंय ते तुझ्या आतोबांना सांगू नकोस हं. खचतील.” दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा अंगणात जास्वंदी काढताना म्हणाले, “तिला कळू देऊ नकोस. धीर सोडेल ती.” दोघांनाही माहीत होतं, आणि मधल्या भिंतीसारखी मी उभी.

मग घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्या एका संस्थेच्या सिस्टर आल्या. त्यांनी नाडी पाहिली, पाठीखाली उशी सरकवली आणि विचारलं, “काकू, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय तुम्हाला?” इतक्या महिन्यांत आम्ही कुणी हे विचारलंच नव्हतं. आत्यानं दाराकडे पाहिलं. तिथे आतोबा पाण्याचा पेला घेऊन उभे. म्हणाली, “जायचं आलंय माझं.” आतोबांनी पेला खाली ठेवला, कॉटच्या कडेला बसले आणि तिचा हात धरून रडले. सिस्टरांनी मला हळूच स्वयंपाकघरात नेलं.

त्या दिवसापासून आत्यानं कॉटवरून त्यांना कुकर लावायला शिकवलं. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो लावला नव्हता. (मुलगा आठवीत गेला की त्याला वरणभाताचा कुकर लावता आलाच पाहिजे, हे मी याच माइकवरून कितीदा तरी सांगितलंय आणि सांगत राहणार.) आत्या आतून शिट्ट्या मोजायची. “तीन झाल्या, आता बारीक करा.” भिशीचे पैसे कुठल्या डब्यात, शिंप्याकडे कुणाचं ब्लाउज, सगळं सांगितलं. आणि एका दुपारी म्हणाली, “माझी आई जाताना तुम्ही मला माहेरी पाठवलं नव्हतंत.” बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आतोबा म्हणाले, “चुकलं माझं.” दोनच शब्द, पण ती पाठवणी अडली त्याला तीस वर्षं होऊन गेली होती.

पुढच्या पंधरवड्यात आत्या गेली. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर अर्धा तास झाला तरी कावळा शिवेना. कुजबुज सुरू झाली. धाकटीच्या लग्नाचं राहिलं असेल, नातवाचं तोंड पाहायचं राहिलं असेल. आतोबा पुढे होऊन म्हणाले, “तिचं काही राहिलेलं नाही. आमचं सगळं बोलून झालंय.” गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. घरी येऊन आतोबांनी कुकर लावला.

वेळ थोडा उरलाय. ग्लेझर आणि स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी 1965 साली रुग्णालयांतलं हेच सोंग टिपून ठेवलं होतं. रोग्याला ठाऊक, घरच्यांना ठाऊक, आणि दोघंही काही ठाऊक नसल्यासारखे वागतात. लंडनमध्ये 1967 साली सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची शुश्रूषा करणारं घर, सुरू केलं. शरीराचं दुखणं, मनाचं, पैशाचं आणि घरच्यांच्या काळजीचं दुखणं एकत्रच दुखतं, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे 1986 मध्ये वांद्र्याला तसंच शांती अवेदना सदन निघालं. दुखणं हलकं करणाऱ्या या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ती मागायला शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. पुन्हा सांगते, वाट पाहू नका. डॉक्टरांनी दुखण्यावर दिलेल्या मॉर्फिनलाही घाबरू नका. नीट मोजून दिलं तर माणूस झोपतो, बोलतो, दोन घास खातो.

आणि विचारा. “तुम्हाला काय वाटतं?” एवढंच विचारा. काहींना खरंच जाणून घ्यायचं नसतं, तेही त्यांच्या उत्तरातून कळतं.

सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली आपल्या अखेरच्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवायची मुभा दिली, आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आतोबांनी तसा कागद केलाय. तो टीव्हीखालच्या वरच्या खणात असतो आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत आहे.

नमस्कार.