भाडं आधी, घर नंतर

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते पहिल्यांदाच भाड्याने द्यायला म्हणून फ्लॅट घेऊ बघणाऱ्या नवराबायकोंशी. दोघं कमावतात, राहायचं घर आहे, थोडे पैसे साठलेत, आणि कुणीतरी डोक्यात घातलंय की घेऊन टाका, भाडं येत राहील नि हप्ता परस्पर फिटेल. तर एकच गोष्ट सांगते आणि दोनदा सांगते. भाडं आधी विचारा, घर नंतर बघा. भाडं आधी, घर नंतर.

माझ्या भाचीचं सांगते, मला फार आवडतं हे सांगायला. ती आणि जावई पुण्याच्या वाघोलीत एक स्कीम बघून आले, पहिला फेज पूर्ण, दुसऱ्याचं काम चालू, टू बीएचके ६० लाखांना. सेल्स ऑफिसमधला मुलगा म्हणाला, मॅडम इथे २२ हजार भाडं आरामात मिळतं. सॅम्पल फ्लॅट बघून जावई टोकन द्यायलाच निघाले होते. भाची म्हणाली, थांबा जरा, पहिल्या फेजमधे लोक राहायला आलेत ना, मग आपण तिथे भाड्याने घर बघायला जाऊ. आणि गेले की हो दोघं पुढच्या रविवारी, एजंटला फोन करून, आम्हाला इथेच टू बीएचके भाड्याने पाहिजे म्हणून!

एजंटने एकाच बिल्डिंगमधे पाच रिकामे फ्लॅट दाखवले. पाच! सगळे गुंतवणूक म्हणून घेतलेले, एक तर दिवाळीपासून कुलूपबंद. भाडं किती, तर मालक १८ म्हणतायत पण ताई तुम्ही हो म्हणा, १६ ला करून देतो, मेंटेनन्स मालकाकडे. भाचीने स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला तर नुसती हवा, आणि समोरच्या काकू दारातून म्हणाल्या, अगं आत्ता नाही यायचं, टँकर आला की येईल. मग त्या काकूंनीच बसवून घेतलं, पाणी दिलं प्यायला, आणि सगळं सांगितलं, उन्हाळ्यात टँकरपायी मेंटेनन्स कसा चढतो, लिफ्ट किती वेळा बंद पडते, आणि सोसायटीने बॅचलर मुलंमुली ठेवायचे नाहीत असा ठराव केलाय ते.

हे बॅचलरचं मला अजिबात पटत नाही बरं का. पुण्यात पोरं शिकायला आणि नोकरीला येतात, या शहराचं निम्मं चलनवलन त्यांच्यावर आहे, खानावळी त्यांच्यावर चालतात, आणि आपण त्यांना जिना चढू देत नाही. एकीकडे फ्लॅट रिकामे, दुसरीकडे मुलं एका खोलीत चौघं. असो.

तर रात्री दोघं हिशोबाला बसले. १६ हजार म्हणजे वर्षाचे १ लाख ९२ हजार, ६० लाखांवर जेमतेम ३.२ टक्के, तेही मेंटेनन्स आणि टॅक्स जायच्या आधी. बँक ८० टक्के देणार, म्हणजे ४८ लाख, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साडेएकेचाळीस हजारांच्या वर. म्हणजे दर महिन्याला २५ हजार खिशातून. शिवाय स्टँप ड्युटी ७ टक्के, ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार, बांधकाम चालू म्हणून जीएसटी ५ टक्के, ३ लाख. हे साडेसात लाख बँक कर्जात धरत नाही, रोख उभे करावे लागतात. जावयांनी टोकन दिलं नाही.

मग घेतलं कुठे, तर कोथरूडला, वनाज मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येतं, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, ५२ लाखांना. तिथेही आधी भाडेकरू होऊनच गेले होते. एजंट म्हणाला आत्ता काहीच रिकामं नाही, नंबर देऊन ठेवा. बास, हेच ऐकायचं होतं! भाडं १७ हजार. हप्ता यातूनही फिटत नाही, पुण्यात भाड्यातून हप्ता फिटेल ही आशा सोडाच, पण घर रिकामं राहत नाही हे महत्त्वाचं. रीसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून घेतलेलं जुनं घर, म्हणून जीएसटी नाही, आणि एकट्या भाचीच्या नावावर घेतलं म्हणून स्टँप ड्युटी १ टक्का कमी, दोघांच्या नावावर असतं तर ती सवलत गेली असती. ५० लाखांच्या वरचा व्यवहार, म्हणून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावाचा आयकर, घेणाऱ्याने त्याला द्यायच्या रकमेतून कापून सरकारकडे भरायचा, तो त्यांनी भरला.

कागदपत्रं बघायची ती अशी, इंडेक्स टू म्हणजे खरेदी नोंदवल्याचा सरकारी उतारा, भोगवटा पत्र म्हणजे इमारतीत राहायला परवानगी दिल्याचा दाखला, शेअर सर्टिफिकेट म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद, आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र. जुन्या बिल्डिंगमधे रीडेव्हलपमेंटची बोलणी चालली आहेत का ते सेक्रेटरींना विचारा, नाहीतर भाडेकरू आला नि लगेच घर खाली करायची वेळ. पुणे महापालिकेची ४० टक्के मालमत्ता टॅक्स सवलत स्वतः राहणाऱ्यालाच आहे, भाड्याने दिलं की नाही. आणि भाडेकरू ठेवलाय म्हणून सोसायटी जास्तीचं मागते त्याला मर्यादा आहे, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के, त्यापेक्षा जास्त नाही.

आणि करार. ११ महिन्यांचा आहे, नोटरी केली की झालं, असं अजूनही लोक सांगतात. नाही हो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं, लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच घर भाड्याने द्यायचा करार, लेखी आणि नोंदवलेलाच हवा, कितीही महिन्यांचा असो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. घरबसल्या ऑनलाइन होतो. भाचीने दोन नर्स मुलींना दिलंय घर, करार नोंदवून, पोलीस व्हेरिफिकेशन करून, आणि त्या पाच तारखेच्या आत भाडं टाकतात.

या रविवारी कुणी जाणार असाल तर टँकर यायच्या आधी जा, आणि नळ सोडून बघा. नमस्कार.