पोटाच्या शस्त्रक्रियेतला धोका आधी कसा मोजतात, आणि त्या आकड्याचे करायचे काय?

नमस्कार. पोटाची मोठी शस्त्रक्रिया ठरली की रुग्ण आणि नातेवाईक डॉक्टरांना हमखास विचारतात, धोका किती आहे? ‘ऑपरेशन म्हटले की धोका असतोच’ हे उत्तर खोटे नाही, पण त्याच्या आधारावर कोणताही निर्णय घेता येत नाही. धोका आकड्यात कसा मांडतात, तो आकडा कुठे विश्वासार्ह असतो, कुठे फसतो आणि त्यामुळे उपचारात नेमके काय बदलते, हे आज पाहू.

पोटाच्या शस्त्रक्रिया सगळ्या एका मापाच्या नसतात. ठरवून, दुर्बिणीतून काढलेले पित्ताशय आणि आतड्याला छिद्र पडल्यामुळे मध्यरात्री उघडावे लागलेले पोट, या दोन्ही पोटाच्याच शस्त्रक्रिया असल्या तरी त्यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आतड्यात जिवाणूंचा मोठा साठा असतो आणि तो उदरपोकळीत सांडला तर संसर्ग रक्तात पसरतो. आतडे कापून जोडले असेल, तर तो जोड पुढच्या काही दिवसांत गळू शकतो. शिवाय छेद पोटाच्या वरच्या भागात असला की दुखण्यामुळे रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, श्वासपटल नीट हलत नाही आणि फुप्फुसाचा खालचा भाग आक्रसून न्यूमोनिया होण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रिया पोटाची असली तरी त्रास फुप्फुसाला होतो, तो असा.

धोका मोजण्याची सर्वांत जुनी आणि आजही रोज वापरली जाणारी पद्धत म्हणजे भूलतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेची ‘एएसए’ वर्गवारी. तिची सुरुवात १९४१ साली झाली. निरोगी माणूस पहिल्या वर्गात, जिवाला सतत धोका असलेला गंभीर आजारी रुग्ण चौथ्या वर्गात, अशी ती चढत जाते आणि शस्त्रक्रिया तातडीची असेल तर पुढे ‘ई’ हे अक्षर लावतात. ती अर्ध्या मिनिटात होते, हा तिचा गुण. मात्र एकाच रुग्णाला दोन अनुभवी भूलतज्ज्ञ वेगवेगळ्या वर्गांत टाकू शकतात आणि शस्त्रक्रिया कोणती आहे हे ती विचारतच नाही.

ही उणीव भरून काढणारी ‘पॉसम’ पद्धत १९९१ साली मांडली गेली. तिच्यात वय, नाडी, रक्तदाब, हिमोग्लोबिन, युरिया, सोडियम, ईसीजी अशा शरीराच्या १२ गोष्टींना गुण देतात आणि शस्त्रक्रियेच्या ६ गोष्टींना वेगळे गुण देतात. त्यात शस्त्रक्रियेचा आवाका, रक्तस्राव, पोटात पू किंवा मळ सांडला आहे का, कर्करोग आहे का, अशा बाबी येतात. दोन्ही बेरजा एका सूत्रात घातल्या की मृत्यूची टक्केवारी मिळते. इथे एक अडचण अशी की, रक्त किती जाईल किंवा पोटात काय सापडेल हे शस्त्रक्रियेआधी कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे ते गुण अंदाजानेच भरावे लागतात.

दुसरी अडचण सूत्रातच होती. मूळ पॉसममध्ये सर्वांत कमी गुण मिळालेल्या सुदृढ रुग्णाचाही मृत्यूचा धोका १.०८ टक्के निघतो, म्हणजे किरकोळ शस्त्रक्रियेतही शंभरात एक. प्रत्यक्षात असे घडत नव्हते. म्हणून १९९८ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या संशोधक गटाने तेच १८ घटक ठेवून सूत्रातले आकडे बदलले. या ‘पी-पॉसम’मध्ये त्याच रुग्णाचा धोका सुमारे ०.२ टक्के येतो. रुग्ण तोच, मोजमाप तेच आणि उत्तर पाचपट कमी. मला हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा वाटतो. जास्त धोक्याचा रुग्ण कोण आणि कमी धोक्याचा कोण, हे एखादे सूत्र अचूक ओळखते, तरीही त्याने सांगितलेली टक्केवारी चुकीची असू शकते. या दोन क्षमता स्वतंत्र आहेत. एका देशातल्या, एका काळातल्या रुग्णांवर बेतलेले सूत्र दुसरीकडे वापरण्याआधी तिथल्या रुग्णांवर तपासून घ्यावे लागते, ते याच कारणाने.

आता एक उदाहरण जवळून पाहू. समजा, ७४ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. पोटात दुखायला लागून दीड दिवस झाला आहे, नाडी १२० आहे, रक्तदाब उतरतो आहे, लघवी कमी झाली आहे आणि सीटी स्कॅनमध्ये मोठ्या आतड्याला छिद्र दिसते आहे. सूत्रात आकडे भरल्यावर धोका २० टक्क्यांच्या घरात आला, असे धरू. या आकड्याने काय बदलते? इंग्लंड आणि वेल्समधल्या तातडीच्या पोटाच्या शस्त्रक्रियांच्या राष्ट्रीय पाहणीने यासाठी एक स्पष्ट रेषा आखली आहे. अंदाजित मृत्यूचा धोका ५ टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर वरिष्ठ शल्यचिकित्सक आणि वरिष्ठ भूलतज्ज्ञ दोघेही शस्त्रक्रियागृहात हजर असावेत आणि नंतर रुग्णाला थेट अतिदक्षता विभागात न्यावे, अशी तिथली अपेक्षा आहे. म्हणजे आकडा नुसता फाइलमध्ये लिहून ठेवायचा नसतो. कोणाला बोलवायचे आणि कोणती खाट राखून ठेवायची, हे त्यावरून ठरते.

शस्त्रक्रिया संपताना परिस्थिती बदललेली असते, म्हणून अंदाजही पुन्हा घ्यावा लागतो. २००७ साली मांडलेला ‘सर्जिकल अ‍ॅपगार’ हा गुणांक केवळ तीन गोष्टी पाहतो आणि त्यात गुण जितके कमी, तितका धोका जास्त: अंदाजे किती रक्त गेले, सरासरी रक्तदाब सर्वांत खाली कुठवर उतरला आणि नाडीचे ठोके सर्वांत कमी किती झाले. आपल्या गृहस्थांचे ७०० मिलिलिटर रक्त गेले, त्याचा १ गुण. सरासरी दाब ५० पर्यंत उतरला, त्याचा १ गुण. नाडी ९० च्या खाली आलीच नाही, त्याचे शून्य. एकूण १० पैकी २. असा रुग्ण शुद्धीवर येऊन दोन शब्द बोलला तरी त्याला साध्या वॉर्डात पाठवणे मला धोक्याचे वाटते.

यापुढचा मुद्दा रुग्णाच्या गुणांमध्ये कुठेच दिसत नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. जास्त मृत्युदराच्या आणि कमी मृत्युदराच्या रुग्णालयांत गुंतागुंतीचे प्रमाण सुमारे २५ ते २७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. पण मोठी गुंतागुंत झालेल्यांपैकी पहिल्या गटात २१.४ टक्के रुग्ण दगावले आणि दुसऱ्या गटात १२.५ टक्के. जोड गळणे किंवा न्यूमोनिया होणे बऱ्याच अंशी रुग्णावर आणि आजारावर अवलंबून असते, पण तिसऱ्या रात्री वाढलेली नाडी कोणी पाहिली का आणि पाहिल्यावर तासाभरात कोणी आले का, हे रुग्णालयाच्या हातात असते.

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत आधी मिळणारा वेळ फार मोलाचा असतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते वाढवता येते. धूम्रपान निदान चार आठवडे आधी थांबवले तर फुप्फुसाला आणि जखमेला फायदा होतो. रोज चालण्याचा आणि खोल श्वासाचा सराव करता येतो. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन दर डेसिलिटरमागे ३.५ ग्रॅमच्या खाली असणे ही धोक्याची भक्कम खूण आहे, मात्र ते केवळ कुपोषणाने नव्हे, तर शरीरातल्या संसर्गानेही उतरते. त्यामुळे बाहेरून अल्ब्युमिनची बाटली चढवून आकडा सुधारल्याने धोका तेवढा कमी होतो, असे समजू नये. वृद्धांमध्ये वयापेक्षा जर्जरता अधिक बोलकी असते. खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, बाजारहाट आणि औषधे स्वतः सांभाळता येतात का, गेल्या काही महिन्यांत न ठरवता वजन घटले का, हे प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, तरीही ते अनेकदा विचारायचे राहून जातात.

आता २० टक्क्यांचा अर्थ. अशाच स्थितीतल्या शंभर जणांपैकी सुमारे वीस जण महिन्याभरात दगावतील आणि ऐंशी जगतील, एवढेच तो आकडा सांगतो. समोरचे गृहस्थ वीसांत की ऐंशीत, हे तो सांगत नाही, सांगू शकत नाही. नातेवाइकांना दोन्ही बाजू सांगायला हव्यात, कारण नुसते ‘वीस टक्के मृत्यू’ ऐकणारा घाबरतो आणि नुसते ‘ऐंशी टक्के यश’ ऐकणारा निश्चिंत होतो. शिवाय शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल, हेही त्याच वेळी मांडले पाहिजे. मोठ्या आतड्याच्या छिद्रातून पोटभर संसर्ग पसरला असताना शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे बहुतेकदा मृत्यूच असतो, आणि त्या तुलनेशिवाय वीसचा आकडा अर्धवट राहतो.

यातली बहुतेक सूत्रे तीस दिवसांतला मृत्यू किंवा गुंतागुंत सांगतात. रुग्णाला मात्र वेगळेच जाणून घ्यायचे असते: मी माझ्या पायांनी चालेन का, पोटावर शौचाची पिशवी कायम राहील का, मला कोणीतरी सांभाळावे लागेल का? या प्रश्नांची उत्तरे पी-पॉसममधून मिळत नाहीत. म्हणून शल्यचिकित्सकाने, वेळ थोडा असला तरी, रुग्णालाच विचारावे की कोणत्या अवस्थेतले जगणे त्याला अजिबात नको आहे, आणि ते उत्तर नातेवाइकांसमोर केसपेपरवर लिहून ठेवावे. हे शस्त्रक्रियेआधीच व्हायला हवे, कारण नंतर कृत्रिम श्वासाची नळी घशात असताना तोच प्रश्न त्याला विचारता येत नाही.